आमच्या चाळीची बाद मतं

माझ्या चुलत बहिणीचा मला हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. दादरला पुलावरून उतरलं की समोर तिचं होर्डिंग दिसतं, दागिन्यांचं. त्यात ती मान जराशी वळवून बघते आणि रोज सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. ऑफिसच्या मैत्रिणी विचारतात, "तुझी बहीण ना गं ही?" मी म्हणते, "हो, चुलत." चुलत या शब्दावर मी जरा जोर देते.

बऱ्याच बायका म्हणतात, मला नाही बाई कोणाचं काही वाटत. मला वाटतं. पोटात दुखतं, अगदी बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला. आता वयाची तिशी उलटली, लग्न झालं, डोंबिवलीला राहायला गेले, तरी ते दुखणं गेलं नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. निदान आपल्याशी तरी खोटं बोलू नये.

आम्ही लालबागच्या एका चाळीत वाढलो. तिसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन खोल्या, एकीत आम्ही, दुसरीत काका-काकी आणि ती. मध्ये दार होतं, पण ते बंद झालेलं मी कधी पाहिलं नाही. ती माझ्याहून दीड वर्षाने लहान, मला ताई म्हणते. आमच्या दोघींत सुंदर मी होते. ही मी केलेली बढाई नाही, तो चाळीचा निकाल होता. मी गोरी, घाऱ्या डोळ्यांची, सरळ नाकाची. ती सावळी, आणि हातपाय नुसते वाढत चाललेले. पोरं तिला शिडी म्हणायची. मंडळाच्या कार्यक्रमात राधा मी व्हायचे आणि ती पडदा ओढायची, कारण तिचा हात दोरीला पोचायचा.

दर रविवारी काकी तिला बेसन आणि साय लावायची. घासघास घासायची. मी दारात उभी राहून बघायचे. मधेच काकी माझ्याकडे बघायची आणि सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा मला फार आवडायचा. खरं सांगते, मी रविवारी मुद्दाम त्या वेळेला तिथे जाऊन उभी राहायचे. आणि ती बिचारी तोंडाला पिवळं फासून माझ्याकडे बघून हसायची. तिला माझा कधीच राग आला नाही, हाही माझा तिच्यावर एक राग आहे.

मग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला काय झालं कोणास ठाऊक. तिच्या कॉलेजात कोणीतरी फोटो काढले, ते कोणीतरी कोणाला दाखवले, आणि अचानक लोक म्हणायला लागले, हिची स्किन बघा, ही उंची बघा, हे गालाचं हाड बघा. अरे, हेच ते गालाचं हाड, ज्याच्याकडे बघून माझी आई म्हणायची, पोर अंगाला लागत नाही. बावीस वर्षं ज्याला कमी म्हणत होते तेच आता जास्त ठरलं. मी जिथे होते तिथेच होते. नियम बदलले आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही.

त्या वर्षी तिने देशपातळीवरच्या सौंदर्यस्पर्धेचा फॉर्म भरला. प्रत्येक राज्यातून एक मुलगी निवडायची, मग सगळ्या राज्यांच्या मुलींना महिनाभर एका ठिकाणी ठेवायचं आणि शेवटी त्यातून एक, असा प्रकार. महाराष्ट्राची निवड प्रभादेवीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. ती मला म्हणाली, "ताई, चल ना सोबत. एकटी गेले तर मी दारातूनच परत येईन." मी म्हटलं, येते. आणि त्याच संध्याकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून मी माझाही फॉर्म भरला. वयाच्या अटीत मी काठावर बसत होते. कोणाला सांगितलं नाही, तिलाही नाही.

टॅक्सी सिद्धिविनायकावरून गेली तेव्हा तिने काचेतूनच हात जोडले. मीही जोडले. तिने स्वतःसाठी मागितलं असेल. मी दोघींसाठी मागितलं, तिच्यासाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हॉलच्या दारातच भिंतीला उंची मोजायची पट्टी लावली होती. चपला काढून एकेकीने उभं राहायचं. पाच फूट तीन इंचांच्या खाली असेल तर आत सोडतच नव्हते. हे फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. मी पाच एक. म्हणून मी अंबाडा घातला होता, आत गंगावन भरून चांगला उंच. पट्टीपाशी एक चिमुरडी पोरगी उभी होती, हातात कागदांचं पॅड. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातली फूटपट्टी माझ्या अंबाड्यावर ठेवली आणि दाबली. दाबतच राहिली. सगळी रांग बघत होती. "पाच एक. सॉरी मॅम. नेक्स्ट."

माझ्या मागे दोन मुली सोडून ती उभी होती. मीही स्पर्धेसाठी उभी आहे हे तिला तोवर कळलेलं नव्हतं, तिला वाटत होतं मी नुसती सोबत म्हणून रांगेत आहे. माझ्या ड्रेसला लावलेला नंबर तिने तेव्हा पाहिला. वाकून तिने माझ्या चपला उचलून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ताई, तू तिकडे पंख्याखाली बस. मी आलेच." तिची उंची मोजली तेव्हा त्याच पोरीने मान वर करून पाहिलं आणि "वॉव" म्हणाली.

घरी गेल्यावर आता ही सांगणार, मग सांगणार, म्हणून मी आठवडाभर जीव मुठीत धरून होते. तिने अवाक्षर काढलं नाही. काकीला नाही, माझ्या आईला नाही, मलासुद्धा नाही. हसली असती, चिडवलं असतं, तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तिने मला तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही.

तिची निवड झाली. खांद्यावर महाराष्ट्र लिहिलेला पट्टा घालून ती जिना चढून आली तेव्हा चाळीत गणपतीपुढे वाजतो तसला ढोल वाजत होता. माझ्या आईने तिची दृष्ट काढली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमच्या घरातली ही पहिली." माझ्या आईने. मी तिथेच उभी होते, पेढ्यांचं ताट घेऊन. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, बरं झालं.

स्पर्धेत प्रत्येक मुलीने आपल्या राज्याचा वेश घालायचा होता. तिला कोळीण करायचं ठरलं. आम्ही मालवणकडचे, पण ते कोण विचारतंय. आमच्याकडे वरळी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी मावशी दोन दुपारी बसून तिला लुगडं नेसायला शिकवून गेली. मी पिना धरून उभी. मावशी म्हणाली, "तुझी भन कशी दिसते बघ, राणीवानी." मी म्हटलं, दिसते खरी. दिसत होती. तेच तर दुखणं होतं.

ती जयपूरला शिबिराला गेली आणि दहा-बारा दिवसांनी तिचा मला फोन आला. काकीला नाही, मला. आवाज बारीक झालेला. म्हणाली, "ताई, परीक्षकांकडून माझं काही खरं नाही. प्रश्न विचारला आणि मी इंग्लिशमध्ये अडकले. अडकले म्हणजे पार थांबलेच गं. आता पब्लिक व्होट आहे. ज्या राज्याच्या मुलीला जास्त मतं पडतील ती थेट फायनलला जाते. तेवढा एकच रस्ता राहिलाय. तू बघशील ना? तुला हे फॉर्मबिर्म सगळं कळतं."

मी म्हटलं, "बघते."

मला ते कळतं, यात खोटं काही नव्हतं. मी लोअर परळला विम्याच्या ऑफिसात आहे. अटी आणि शर्ती वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. बारीक अक्षरातली पानंच्या पानं लोक न वाचता सही करतात, ती मी वाचते. मग त्यांना कळवते की अमुक कलमानुसार आपला अर्ज बाद ठरला आहे. चाळीतल्या प्रत्येक घराचा कुठला ना कुठला फॉर्म मी भरलेला आहे. त्यामुळे मतदानाचं सगळं माझ्याकडेच आलं.

पण आमच्या चाळीत एकट्याने कोणी काही करत नाही. रक्तदान असो, गॅसचे फॉर्म असोत, लस असो, सगळं खाली मंडळाच्या खोलीत, सतरंजी घालून. मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. भाऊंनी जाहीर करून टाकलं की आठवडाभर रोज संध्याकाळी सात वाजता सामुदायिक मतदान होईल. एका नंबरवरून दिवसाला एक मत देता येत होतं. भाऊंनी माईक लावला, चहा सांगितला, बहिणीचा हा एवढा फ्लेक्स भिंतीला लावला. आणि मंडळाने नुकतंच वायफाय घेतलं होतं, त्याचा पासवर्ड लाल मार्करने कागदावर लिहून दारावर चिकटवला. म्हणाले, "कोणाच्याही नेटपॅकला हात लागता कामा नये. म्हाताऱ्या माणसांना कशाला भुर्दंड? सगळ्यांनी मंडळाचं वायफाय घ्या."

पहिल्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले आणि सवयीप्रमाणे आधी नियम उघडले. बाकी कोणी उघडले नसते. सातवा की आठवा नियम होता. एकाच इंटरनेट जोडणीवरून बरीच मतं आली तर ती यंत्राने दिलेली आहेत असं समजून सगळीच्या सगळी बाद होतील, आणि तसं मतदान संपल्यावर ज्याच्या त्याच्या फोनवर कळवलं जाईल. मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

मला एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, वायफाय बंद करा, ज्याने त्याने आपापल्या नेटवरून मत द्या. एक वाक्य. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात भाऊंनी माईक हातात घेतला आणि फ्लेक्सकडे हात करून म्हणाले, "सौंदर्य काय असतं ते आपल्या पोरीने आज देशाला दाखवून दिलं. लहानपणापासून बघतोय मी, पहिल्यापासून वेगळीच होती." पहिल्यापासून. या भाऊंनीच तिला पडदा ओढायला बसवलं होतं. माझी आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती आणि मान डोलावत होती. मी फ्लेक्सकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

मनाशी म्हटलं, असले नियम नुसते लिहिलेले असतात. मग म्हटलं, उद्या सांगू.

मग रोज सात वाजता मी टेबलाशी बसायचे आणि एकेक फोन हातात घ्यायचे. फोन वायफायला जोडायचा, महाराष्ट्रावर बोट ठेवायचं, खाली दाबायचं, पुढचा फोन. खालच्या मजल्यावरच्या मालवणी आजी रोज विचारायच्या, "बघ गो बाय, माझा मत गेला काय?" मी म्हणायचे, गेलं आजी. बायकांना बाकीच्या राज्यांच्या मुली बघायला फार आवडायचं. पंजाबची खात्यापित्या घरची, केरळचे केस बघा, नागालँडच्या गळ्यातल्या माळा कसल्या शोभतायत. एकदा दोघीतिघींनी केरळला मत द्यायचं मनावर घेतलं, तर भाऊ माईकवरून ओरडले, "इथे फक्त महाराष्ट्र." सगळे हसले. मीही हसले. माझ्या हाताखालून चाळीची मतं जात होती आणि ती कुठे जातायत हे मला एकटीला ठाऊक होतं.

माझं मत मी मात्र तिथे देत नव्हते. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या नेटवरून द्यायचे. पहिल्या दिवशी महाराष्ट्राच्या फोटोवर बोट नेलंही होतं. तो कोळणीच्या वेशातलाच फोटो होता, त्या लुगड्याच्या पिना मी लावल्या होत्या. बोट तिथून उचललं आणि त्रिपुराच्या मुलीवर ठेवलं. का त्रिपुरा? काहीच कारण नाही. तिचा चेहराही आता मला आठवत नाही. या सगळ्यात एक तरी गोष्ट तिच्यासाठी नसलेली करायची होती, बस. नंतरचे सहाही दिवस त्रिपुराच.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. बाथरूममधून बोलत असावी, आवाज घुमत होता. "ताई, लोक करतायत ना गं?"

"अख्खी चाळ रोज बसते," मी म्हटलं. ते खरं होतं.

"मग होईल ना?"

"होईल," मी म्हटलं.

फोन ठेवला. अजून तीन दिवस हातात होते. आज सांगितलं तरी निम्मी मतं वाचली असती. मी खाली गेले, भाऊ सतरंजी घालत होते. म्हटलं, "भाऊ, जरा बोलायचं होतं." ते म्हणाले, "बोल की. तू नसतीस तर आम्हाला यातलं काय कळलं असतं सांग? उद्या ही पोर जिंकली तर निम्मं श्रेय तुझं." आता काय सांगायचं? सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग चार दिवस काय करत होतीस. आमच्या ऑफिसच्या अर्जात हाच एक रकाना असतो, कळवण्यास उशीर का झाला. त्या रकान्यात लोक काय काय थापा मारतात ते मी रोज वाचते. मला एकही सुचली नाही. मी म्हटलं, "चहात साखर कमी सांगा आज." आणि टेबलाशी जाऊन बसले.

आठव्या दिवशी मतदान संपलेलं होतं, तरी निकाल एकत्र ऐकायचा म्हणून सगळे सात वाजता जमले. निकालाच्या आधी मेसेजच आले. एक फोन वाजला, दुसरा वाजला, मग खोलीभर सगळेच वाजायला लागले. इंग्लिशमधला मेसेज, त्यामुळे सगळे फोन माझ्याकडे. पहिला काकीचा. मी वाचून दाखवलं, "आपली मतं नियमानुसार बाद ठरली आहेत." काकी म्हणाली, "माझंच कसं गं? मी काही चुकीचं दाबलं?" मी दुसरा फोन घेतला. बाद. आजींचा, बाद. आईचा, बाद. भाऊंचा, बाद. इतक्या वेळा तो शब्द मी ऑफिसातही एका दिवसात म्हटलेला नाही.

भाऊंनी विचारलं, "पण कारण काय?" मी सांगितलं. एकाच वायफायवरून सगळी मतं गेली म्हणून. ते खुर्चीत बसले. दारावरच्या त्या लाल अक्षरांच्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे." साठी ओलांडलेला माणूस, त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हणायला हवं होतं, नाही भाऊ, माझ्यामुळे. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार होतं, भाऊ?"

तेवढ्यात आईने विचारलं, "आणि तुझं गं?"

माझा फोन पर्समध्ये होता. काढावाच लागला. मेसेज होता, आपली मतं ग्राह्य धरली आहेत, धन्यवाद. कोणाला दिली ते त्यात नव्हतं. आईने दोनदा विचारलं, "ग्राह्य म्हणजे चालली ना?" मी म्हटलं, हो, मी ऑफिसातून माझ्या नेटवरून देत होते. काकी उठून आली आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिने कडाकडा बोटं मोडली. "हिचं तरी पोचलं गं माझ्या लेकीला." भाऊंनी मान वर केली आणि म्हणाले, "इथे आमचं सगळ्यांचं करून देत होती आणि स्वतःचं तिकडे. याला म्हणतात बहीण." कोणाच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. येणार तरी कसं? त्यांच्यापैकी कोणीही तसं केलं नसतं.

ती फायनलला गेली नाही. चार दिवसांनी परत आली, गाल आत गेलेले, पण हसत. मंडळाने सत्कार ठेवला. त्याच खोलीत, त्याच सतरंज्यांवर. भाऊंनी तिला शाल आणि नारळ दिला आणि माईक घेऊन म्हणाले, "बाळा, आमच्या अडाणीपणामुळे तुझी संधी गेली. मला माफ कर." तिने पटकन वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी भिंतीशी उभी होते. आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आता नाही सांगितलंस तर कधीच सांगणार नाहीस.

तिने भाऊंच्या हातून माईक घेतला. मराठीत ती कधी अडकत नाही. म्हणाली, "भाऊ, तुमची सगळ्यांची मतं मला पोचलीत. रोज सात वाजता तुम्ही इथे बसता हे मला तिकडे माहीत होतं, मी त्या वेळेला घड्याळ बघायचे. पण नियमाने बघितलं तर या चाळीतून एकाच माणसाचं मत माझ्यापर्यंत आलं. ती माझी ताई." मग ती सरळ माझ्याकडे चालत आली, सगळ्यांच्या मधून वाट काढत. अंगावरची शाल काढली आणि माझ्या खांद्यांवर घातली. आणि कानाशी वाकली. तिला माझ्या कानाशी यायला बरंच वाकावं लागतं. म्हणाली, "तिकडे फार एकटी पडले होते गं. प्रभादेवीच्या त्या प्रकारानंतर मला वाटायचं, ताईच्या मनात काही राहिलं असेल. आता कळलं, नाही राहिलं."

टाळ्या वाजत होत्या. माझी आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. भाऊ वाजवत होते. खालच्या आजी दोन्ही हात वर करून वाजवत होत्या. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. पायाखालची जमीन सरकायला हवी होती. ती लाज नंतर आली, पुष्कळ आली, अजून येते. पण त्या वेळेला तसं काही झालं नाही. कित्येक वर्षांनी सगळी चाळ माझ्याकडे बघत होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

मंडळाचा फोटोग्राफर म्हणाला, उंच आहेत त्यांनी जरा मागे व्हा, ताई दिसत नाहीत. ती लगेच मागे झाली.

मी शाल नीट केली आणि पुढे आले.